तंबाखूचा वाफसा

माझं आजोळ निपाणीचं. आजोबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं वखारीच्या दारापर्यंत जायचो आणि खकाण्यानं शिंकत शिंकत परत यायचो. आत छतापर्यंत बोद रचलेले, चाळणीवर बायका बसलेल्या, सगळ्यांच्या नाकातोंडावर फडकं. आजोबा बोदात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर माल बाहेर काढायचे, मूठ आवळायचे आणि सोडायचे. सोडल्यावर ती तंबाखू कशी फुलते एवढंच बघायचे. मग म्हणायचे, "अजून ओल हाय," नाहीतर "बरी हाय." भाव त्यावर ठरायचा.

पुढं मी २२ वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथं एका पोलिश चीफनं मला पाइप ओढायला शिकवलं. पहिल्याच संध्याकाळी त्यानं डबा उघडला, चिमूटभर तंबाखू अंगठ्यानं दाबली, सोडली आणि ती फुलताना बघत बसला. मला एकदम वखार आठवली. निपाणी त्याच्या बापजन्मी कुणी ऐकलेली नव्हती, पण हात तोच होता.

शेतकऱ्याला वाफसा सांगावा लागत नाही. पाऊस उघडतो, वरचं पाणी जिरतं, ढेकूळ हातात घेतलं तर चिकटत नाही आणि त्याची धूळही होत नाही, तेव्हा पेरणी. पाइपच्या तंबाखूलाही असाच वाफसा असतो. नवीन माणूस पाइपला, काडीला, डब्याला, स्वतःच्या फुंकरीला दोष देत राहतो. बहुतेक वेळा चूक ओलीची असते.

आधी एक गोष्ट उघडच सांगतो. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच खेळवतात, म्हणून तो निरुपद्रवी, असा एक समज आहे. तो खोटा आहे. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर पाइपनंही होतो. मी आठवड्यातून दोनदा ओढतो आणि दर सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरला तोंड दाखवतो. तुम्ही ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. जे ओढतातच, आणि ज्यांच्याकडे कुणी परदेशातून आणलेला डबा पडून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कुठली तंबाखू हातात आहे ते ओळखा

दुकानदार डब्यावरच्या चित्राबद्दल बोलतो. तुम्ही पान कुठलं आहे ते बघा.

व्हर्जिनिया म्हणजे बंद भट्टीत, धूर न लागू देता, गरम हवेनं सुकवलेलं पान. पिवळं पडताना त्यातल्या पिष्टाची साखर होते आणि भट्टीच्या उष्णतेनं ती तशीच टिकते. म्हणून ती गोडसर लागते, आणि घाईनं ओढली की जीभही तीच भाजते. आपल्याकडे आंध्रात आणि म्हैसूर भागात पिकते ती हीच जात. बर्ली नुसत्या हवेवर, सावलीत सुकवतात. तिच्यात साखर जवळजवळ नसते, पण बाहेरून दिलेला वास आणि पाक ती टिपकागदासारखी शोषते. लटाकिया हे मुळात छोट्या पानाचं ओरिएंटल, म्हणजे तुर्कस्तानाकडच्या भागातली तंबाखू. सायप्रसमध्ये ते लाकडांच्या धुरावर आठवडेच्या आठवडे टांगून काळं करतात. वास चुलीवरच्या तुळईचा. पेरीक अमेरिकेत लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातली. पिंपात दाबून तिला स्वतःच्याच रसात वर्षभर आंबवतात, मध्ये मध्ये बाहेर काढून हवा देतात आणि परत दाबतात. मिरीसारखी झणझणीत लागते, म्हणून मिश्रणात चवीपुरती घालतात. कॅव्हेंडिश ही जात नव्हे, कृती आहे: वाफ, दाब आणि बहुतेक वेळा गोडवा.

व्हॅनिला, चेरी, व्हिस्की असे वास दिलेले डबे 'अरोमॅटिक' म्हणून विकतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांचा वास आवडतो. ओढणाऱ्याला तेवढा मिळत नाही.

आणि निपाणी? ती पाइपमध्ये भरून बघितली आहे. १९८१ साली शरद जोशींच्या हाकेसरशी शेतकरी ज्या तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बसले, ती ही बिडीची तंबाखू: उन्हात वाळलेली, जाड, कडक. बिडीत ती इवलीशी लागते, तिथं तिचा तोरा शोभतो. पाइपच्या वाटीत दोन-तीन ग्रॅम भरून ओढली तेव्हा मला कपाळावर घाम आला आणि मी अर्धा तास भिंतीला टेकून बसलो. मामा तंबाखू मळत समोर बसला होता. म्हणाला, "पावण्या, ही काय चहा हाय व्हय?"

मळणं

तंबाखू पाइपमध्ये जाईल अशी करणं ही पहिली पायरी. बारीक कातरलेली असेल तर काही करायचं नाही. फ्लेक असेल, म्हणजे दाबलेल्या वडीचे पातळ काप, तर ते मोकळे करायचे. इंग्लंडमधल्या केंडल गावात १७९२ पासून तपकिरीचा आणि तंबाखूचा धंदा चालतो. तिथले फ्लेक जुन्या पद्धतीचे, लांब आणि चांगलेच ओलसर असतात. असा एक काप घ्या, धाग्यांच्या दिशेनं हलक्या हातानं उकला आणि मग दोन्ही तळव्यांत गोल गोल फिरवा. यात आपल्याला शिकवायला कुणी गोरा नको. चुना सोडून बाकी सगळं तेच, फक्त जोर कमी आणि थापटी नाही.

किती मोकळं करायचं हा हौसेचा भाग. पूर्ण मोकळी तंबाखू पटकन पेटते आणि जरा गरम जळते. अर्धवट मोकळी सावकाश जळते. काही लोक कापाची घडी घालून तशीच पाइपमध्ये खोचतात. ते दिसायला सोपं आहे, पण पहिल्या महिन्यात करू नका, दर दोन मिनिटांनी विझेल. दोरीसारखी पिळलेली किंवा विटेसारखी अखंड वडी मिळाली तर धारदार सुरीनं कागदासारखे पातळ काप काढा. सुरी बोथट असेल तर चुरा होतो. ही सुरी वेगळी ठेवा. कांद्याची सुरी वापरायची चूक मी एकदा केली आहे.

सुकवणं

कारखान्यातून तंबाखू ओली येते, कारण ओलं पान तुटत नाही, दाबलं जातं आणि डब्यात टिकतं. ओढायला मात्र तिच्यात १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास ओल बरी; डब्यात पुष्कळदा १८-२० असते. ओली तंबाखू पेटवली की आगीची अर्धी ताकद पाणी उडवण्यात जाते. तुम्ही जोरात ओढता, गरम वाफ जिभेवर येते, पाइपच्या तळाशी गुरगुर सुरू होते. "पाइपनं माझी जीभ सोलली" म्हणणाऱ्या दहातल्या आठांना मी हेच विचारतो: सुकवली होती का?

एका वेळेला ओढायची तेवढीच घ्या, दोन-तीन ग्रॅम. स्टीलच्या ताटात पातळ पसरा. वर्तमानपत्रावर नको, शाईचा वास लागतो. दहा-दहा मिनिटांनी चिमटी करून बघा. दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओली. सोडताच कुरकुरली तर गेली. सावकाश, आळस दिल्यासारखी उलगडली, बोटाला गारवा लागला नाही, पण पान वाकलं तरी तुटलं नाही, तर वाफसा आला. बोटांवर भरवसा बसेपर्यंत मी सोनाराच्या छोट्या काट्यावर मोजायचो. केंडलचा फ्लेक १० ग्रॅम घेतला आणि सुकून ९ ग्रॅमच्या जवळ आला की थांबायचो. महिनाभरात काटा लागेनासा झाला.

किती वेळ लागतो, हे परदेशी पुस्तकी उत्तर आपल्या कामाचं नाही. ते 'अर्धा तास उघडी ठेवा' म्हणतात ते त्यांच्या हवेत. कोल्हापुरात मे महिन्यात दुपारी खिडकीपाशी सावलीत १५ मिनिटं पुरतात, आणि फोन आला म्हणून विसरलात तर तासाभरात पापड. जुलैत उलटं. बाहेर धो धो, भिंती घामेजलेल्या, मिठाची बरणी पाणी सुटलेली; अशा हवेत पसरलेली तंबाखू सुकत नाहीच, उलट हवेतलं पाणी ओढून घेते. पहिल्या पावसाळ्यात मी दोन तासांनी ताट काट्यावर ठेवलं तर वजन वाढलेलं! पंखा लावूनही उपयोग नाही, तो ओलीच हवा फिरवतो. पावसाळ्यात थोडी ऊब द्यावी लागते. माझ्याकडे जुना ४० वॉटचा पिवळा दिवा असलेला टेबल लॅम्प आहे, तो ताटाच्या वर वीतभर अंतरावर ठेवतो. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर बशी ठेवली तरी चालतं. घरात एसी असेल तर त्या खोलीत आपोआप सुकते. तवा, मायक्रोवेव्ह, गॅसजवळचा कट्टा यातलं काही नको. पाणी जातं, पण त्याच्याआधी वास जातो.

उलट प्रकार म्हणजे कुणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षं पडून खडखडीत झालेली तंबाखू. ती फेकू नका. वाडग्यात सैल पसरा, वाडग्याच्या तोंडावर पिळून घट्ट केलेलं ओलं फडकं ताणून बांधा, फडकं तंबाखूला टेकू देऊ नका. दर तीन-चार तासांनी हलवून बघा. निपाणीकडं वाळलेलं पान पहाटे दवानं मऊ पडल्यावरच गोळा करतात, नाहीतर हातात चुरा येतो. हे तेच, घरच्या दवावर. पाणी शिंपडायचं नाही. २०११ मध्ये मी स्प्रेच्या बाटलीनं शिंपडलं आणि घाईनं बरणी बंद केली. पंधरा दिवसांनी पांढरी बुरशी, २०० ग्रॅम माल कचऱ्यात. बटाट्याची फोड, सफरचंदाची फोड घालायचा सल्लाही देतात. त्या फोडीबरोबर बुरशीचं बी फुकट येतं.

बरणी

डबा एकदा उघडला की तो डबा राहत नाही, नुसतं पत्र्याचं झाकण राहतं. प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी महिन्याभरासाठी ठीक. तिच्यातून वास आत-बाहेर करतो. माझी एक उघडी पिशवी ट्रंकेत गरम कपड्यांशेजारी राहिली होती. डांबराच्या गोळ्यांचा पाइप कसा लागतो ते मला माहीत आहे, तुम्हाला कळायची गरज नाही.

काचेची बरणी घ्या, फिरकीच्या दोन तुकड्यांच्या झाकणाची किंवा तारेच्या कडीची रबरवाली. फिरकीच्या बरणीचं पेटंट जॉन मेसन या अमेरिकन माणसानं १८५८ मध्ये घेतलं, म्हणून तिला मेसन जार म्हणतात. आता आपल्या भांड्यांच्या दुकानांतही मिळते. बरणीत पाणी भरा, झाकण लावून रात्रभर ताटात उलटी ठेवा. सकाळी ताट कोरडं असेल तर बरणी पास. चिनी मातीची बरणी दिसते छान, पण दादरा बांधलेलं तोंड हवाबंद नसतं. लोणच्याची जुनी काचेची बरणी कितीही धुतली तरी घेऊ नका. काच स्वच्छ होते, झाकणातलं अस्तर मोहरी-हिंग विसरत नाही. आमच्याकडे यावरून वाद झाला होता, मी हरलो, आणि एक चांगला व्हर्जिनिया आंब्याच्या खारासारखा लागला.

मोठी बरणी एक घेण्यापेक्षा छोट्या चार घ्या. ५० ग्रॅमला साधारण २५० मिलिलिटरची बरणी पुरते. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आतली हवा बदलते, आणि पावसाळ्यात ती बाहेरची ओली हवा असते. गरम पाण्यानं धुवा, एक अख्खा दिवस उपडी न ठेवता उघडी सुकवा, तळाशी थेंब राहता कामा नये. तंबाखू डब्यात होती तशीच, न सुकवता भरा. सुकवायची ती ओढण्याआधी, साठवण्याआधी नव्हे. हलकी दाबा, ठेचू नका. सिलिका जेलची पुडी घालू नका, ती सगळंच पाणी पिते. वास दिलेल्या तंबाखूच्या बरण्या कायमच्या वेगळ्या.

चिठ्ठी लावाच: तंबाखूचं नाव, डब्यावरची तारीख, भरल्याची तारीख, वजन. लक्षात राहील असं वाटतं. राहत नाही. माझ्याकडे 'के. फ्लेक?' एवढंच लिहिलेली एक बरणी आहे, ती उघडायची हिंमत होत नाही कारण परत मागवणार काय?

जागा अंधाराची आणि गार-गरम न होणारी पाहिजे. माळा नको, मे महिन्यात कौलाखाली बरणी अक्षरशः शिजते. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर काचेला घाम फुटतो. जमिनीलगतचं, उन्हाच्या भिंतीपासून लांब असलेलं कपाट बरं, आणि त्याला कुलूप हवं. घरात लहान मूल किंवा कुत्रं असेल तर हे पान विषच आहे.

तपकिरी रंगाचा, तांदळाच्या निम्म्या आकाराचा, पाठीत वाकलेला एक भुंगेरा तंबाखूला लागतो. धने आणि हळकुंडं पोखरतो तोच. म्हणून बरण्या मसाल्याच्या डब्यांशेजारी ठेवू नका.

मुरवणं

आता गंमतीचा भाग. काही तंबाखू लोणच्यासारखी मुरते आणि काही कोथिंबिरीसारखी नुसती शिळी होते. गोडी असलेली व्हर्जिनिया मुरते, पेरीक घातलेली तर फारच छान. तिखट टोक जातं, रंग पिवळ्या-तांबड्यावरून गडद तपकिरी होतो, आणि मनुका आणि चिंच यांच्यामधला एक वास येतो. लटाकियाचं मिश्रण पहिली काही वर्षं एकजीव होत जातं, पण धुराचा झणका उतरत जातो. ज्याला तो झणकाच आवडतो त्यानं वाट बघू नये. बर्ली फारशी बदलत नाही. अरोमॅटिक मुरवू नका. वरून दिलेला वास उडून जातो आणि खालचं पान बऱ्याचदा मुरवण्याच्या लायकीचं नसतं.

बरणीत थोडी हवा अडकलेली असते. सुरुवातीला तिच्यातला ऑक्सिजन वापरला जातो, पुढचं काम त्याच्याशिवाय, फार सावकाश चालतं. साखर आणि पानातली अमिनो आम्लं एकमेकांशी खेळत बसतात. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खणलेली, तोंड मातीनं लिंपून बंद केलेली. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचे; विझला तर आत प्राणवायू नाही. तुमची बरणी हे एवढंसं पेव आहे. म्हणून सारखी उघडून हुंगायची नाही. हवा पूर्ण ओढून घेणारं व्हॅक्यूम पाकीटही नको, थोडी हवा लागते आणि दाबानं फ्लेकचा दगड होतो.

न उघडलेला डबा तसाच ठेवला तरी आत मुरतो. डबा जरा फुगला तर घाबरू नका, आतल्या वायूनं होतं. पण रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजतो आणि भोक पडलं की सगळं वाळून जातं. तिकडं राहणाऱ्यांनी डब्यावर विसंबू नये, बरणीतच भरावं.

सुरुवात करायची तर एकाच व्हर्जिनियाचे तीन छोटे वाटे करा. विमानानं येणाऱ्या पाहुण्याला १२५ ग्रॅम तंबाखू करमुक्त आणता येते, तेवढ्यात भागतं. पहिली बरणी महिन्याभरात संपवा. दुसरी पुढच्या वर्षी त्याच महिन्यात उघडा. तिसरी पाच वर्षांनी. पहिल्या बरणीबद्दल वहीत चार ओळी लिहून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी तुलना कशाशी करणार? सहा महिन्यांत फरक कळायला लागतो, वर्षात कुणालाही कळतो.

जुनी बरणी उघडल्यावर पानांवर पांढरं दिसलं तर टॉर्च मारून बघा. चमचम करणारे चपटे कण पानाला चिकटलेले असतील, वास गोड असेल, तर ते मुरताना वर आलेले खडे, चांगलं लक्षण. कापसासारखं उभं राहिलेलं, कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलेलं, तळघराचा कुबट वास असेल तर बुरशी. अशा वेळी वरचा थर काढून खालचं वापरायचा लोभ नको, पूर्ण बरणी टाका आणि झाकणही.

पाइप भरण्याबद्दल थोडक्यात. चीफ सांगायचा: पहिला थर पोराच्या हातानं, दुसरा बाईच्या, तिसरा बाप्याच्या. न पेटवता ओढून बघा, नळीनं शहाळं पिताना लागतो तेवढाच जोर लागला पाहिजे. लाकडी काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मग पेटवा. वरची तंबाखू फुगेल, ती हलकी दाबा आणि पुन्हा पेटवा. विझली तर विझली, परत पेटवा, त्यात कमीपणा नाही. ओढून झाल्यावर पाइपला एक दिवस सुट्टी.

मुरलेली बरणी भर पावसात उघडू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की उघडा, ताटात काढून अर्धा तास नुसती ठेवा, सुरुवातीचा आंबूस वास निघून जातो. माझी २०१९ ची एक बरणी यंदा नोव्हेंबरात निघेल. मामा आता ८१ वर्षांचा आहे, ओढत काहीच नाही, पण चिमटी करायला त्याला बोलावलंय.